रिमोटवर चालणारी ब्रशलेस बगी जागच्या जागी थरथरते, पळत नाही. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) गेलाय का?

कृष्णाकाठ

मंडळी, नमस्कार. १/१० बगी आहे. मोटर ब्रशलेस, सेन्सर नसलेली. ईएससी ६० अँपियरचा, बॅटरी २एस (दोन सेलची) ५००० एमएएच लायपो. मागच्या रविवारपर्यंत झकास पळत होती. आता ट्रिगर दाबला की मोटर थरथरते, कर्र कर्र करते, पण चाकं फिरत नाहीत. हाताने ढकलली तर कधी कधी पकडते आणि अडखळत जाते. स्टिअरिंगचा सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर) ठीक आहे. चालू करताना बीप नेहमीसारखे येतात. बॅटरी पूर्ण चार्ज, मीटरवर ८.४ व्होल्ट. थ्रॉटल पुन्हा कॅलिब्रेट करून पाहिलं, फरक नाही.

दुकानदार म्हणतो ईएससी गेला, नवा घ्या. घ्यायला हरकत नाही, पण नवा लावूनही हेच झालं तर? लेकीची परीक्षा संपलीय, रोज विचारते गाडी कधी होणार. घरात मल्टीमीटर आणि सोल्डरिंग आयर्न आहे.

चिखलवाट

पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्पर (त्याला लागणारा मोठा गिअर) यांच्या दातांत खडा अडकलाय का बघा. माझ्या गाडीत असंच झालं होतं. मोटरचे स्क्रू सैल करून पिनियन बाजूला घ्या आणि नुसती मोटर हलक्या थ्रॉटलवर फिरवा.

कृष्णाकाठ

केलं. नुसती मोटरही तशीच थरथरते.

तीनफेज

म्हणजे दोष गिअरमध्ये नाही. आता ईएससीवर शिक्का मारायची घाई करू नका. मी रिपेअरिंगच्या टेबलावर बसतो. ‘गेलाय’ म्हणून आलेले कितीतरी ईएससी धडधाकट निघतात, दोष वायरीत किंवा कनेक्टरमध्ये असतो.

सर्वो चालतोय, म्हणजे बीईसी (ईएससीतला वीज पुरवणारा भाग) रिसीव्हरला व्होल्टेज देतोय. जोर लावताना सर्वोही बंद पडला असता तर मी आधी बॅटरीचा कनेक्टर पाहिला असता. तुमची लक्षणं एक फेज, म्हणजे मोटरच्या तीन वायरींपैकी एक, तुटल्याची आहेत. ब्रशलेस मोटरमध्ये एका वेळी दोन वायरींतून करंट जातो आणि तिसरी मोकळी असते. त्या मोकळ्या वायरीवर जे व्होल्टेज उमटतं, त्यावरून सेन्सर नसलेला ईएससी रोटर कुठे आहे ते ओळखतो. एक वायर तुटली की जोरही जातो आणि अंदाजही. रोटर आधीच फिरत असेल तर कसंबसं जमतं, म्हणून ढकलल्यावर पकडते. बीपवर विसंबू नका. ते मोटरच्याच वाइंडिंगमधून वाजतात, दोनच वायरी लागलेल्या असल्या तरी वाजू शकतात.

आधी मोटर तपासा. तिन्ही वायरी सोडवा, शाफ्ट बोटांनी फिरवा. मग कुठल्याही दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवून फिरवा, शाफ्ट जड लागायला हवा. तिन्ही जोड्या करून बघा. जडपणा सारखा असेल तर मोटर चांगली. वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजत बसू नका. तो इतका कमी असतो की साध्या मीटरला चांगली मोटर आणि शॉर्ट झालेली मोटर सारखीच दिसते.

नंतर ईएससी. बॅटरी काढलेली हवी. मीटर डायोड मोडवर ठेवा. लाल प्रोब बॅटरीच्या काळ्या वायरीला, काळा प्रोब मोटरच्या एकेका वायरीला. मग काळा प्रोब बॅटरीच्या लाल वायरीला, लाल प्रोब मोटरच्या एकेका वायरीला. मॉसफेटच्या (ईएससीतला करंट चालू-बंद करणारा स्विच) आतला डायोड साधारण ०.४ ते ०.५ दाखवेल. तिन्ही वायरींना आकडा सारखा हवा. कुठे शून्याजवळ आला तर तो मॉसफेट शॉर्ट आहे, मग दुकानदाराचं खरं.

कृष्णाकाठ

मोटर तिन्ही जोड्यांत सारखीच जड. ईएससीच्या निळ्या आणि पिवळ्या वायरीला दोन्ही बाजूंनी ०.४६. केशरीला दोन्ही बाजूंनी ओएल (म्हणजे सर्किट तुटलेलं)! मॉसफेट उडाला ना?

तीनफेज

मला तसं वाटत नाही, आणि कारण तुमच्याच आकड्यांत आहे. एका फेजचा बॅटरीच्या प्लसकडचा मॉसफेट वेगळा आणि मायनसकडचा वेगळा. मॉसफेट मरतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होतो. इथे दोन्हीकडचे एकदम ओपन झाले आणि जळका वास आल्याचंही तुम्ही म्हणाला नाहीत, हे पटत नाही. केशरी वायरच तुटलीय. कव्हर काढा आणि वायर बोर्डाला जिथे जोडलीय, त्या सोल्डरवरच प्रोब टेकवा.

कृष्णाकाठ

बोर्डावर ०.४६!! मग वायर चिमटीत धरून थोडी थोडी वाकवत गेलो. बुलेट कनेक्टरपाशी (वायरीच्या टोकाची गोल पिन) आल्यावर आकडा येतो-जातो. तिथली स्लीव्ह कापली. वरून सिलिकॉनचं इन्सुलेशन धड, आत तांब्याच्या सगळ्या तारा एका रेषेत तुटलेल्या आणि काळ्या पडलेल्या.

तीनफेज

सापडलं. बुलेट जोडताना शिसं तारांमध्ये वर चढतं आणि तेवढा भाग ताठ होतो. तो जिथे संपतो, तिथेच वायर धक्क्यांनी वाकत राहते आणि तुटते. काळा झालेला भाग पूर्ण कापा, चकचकीत तांबं दिसेपर्यंत. लाकडाच्या तुकड्याला भोक पाडून त्यात बुलेट उभी करा, फ्लक्स लावा, आधी बुलेट तापवून आत शिसं वितळवा, मग वायर घाला आणि गार होईपर्यंत हलवू नका. आयर्न ६० वॉटचं तरी हवं; २५ वॉटचं एवढ्या जाड वायरीला पुरत नाही आणि वरून छान दिसणारा पण आतून न धरलेला ड्राय सोल्डर होतो. हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) बुलेटच्या पुढे वायरीवरही थोडी येऊ द्या. वायर ताणलेली नको, टायने चॅसिसला बांधा.

माळरान

मध्येच विचारतो. माझ्याकडे हॉबीविंगचा १०६० ब्रश्ड ईएससी आहे. २एस लायपो लावली की गाडी शेवटपर्यंत पळते, बॅटरी उतरल्यावर मोटर थांबवणारा कटऑफ येतच नाही. ईएससी खराब?

तीनफेज

त्याच्यावर बॅटरीच्या प्रकाराचा छोटा जंपर आहे, तो आधी पाहा. निकेल बॅटरीच्या जागी असेल तर कटऑफ लायपोसाठी फार उशिरा येतो आणि सेल कायमचे खराब होतात. लायपोवर आणा. आणि ही बॅटरी पुन्हा चार्जला लावण्याआधी दोन्ही सेलचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. फुगलेली दिसली तर चार्ज करूच नका.

कृष्णाकाठ

केशरी वायर जोडली, डायोड मोडवर तिन्ही सारख्या. गाडी पहिल्या ट्रिगरला सुटली. बाकी दोन बुलेटही कापून नव्याने जोडल्या, कारण निळीच्या तारा त्याच जागी अर्ध्या तुटायला आल्या होत्या. ईएससीचं कव्हर बसवताना कडेचं जुनं सीलंट निघालं. आमच्याकडे ओल्या गवतात गाडी जाते, तर त्या जागी न्यूट्रल क्युअर सिलिकॉन चालेल का?

तीनफेज

चालेल, पण पाकिटावर न्यूट्रल लिहिलेलंच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं ॲसिटिक सिलिकॉन बोर्डाजवळ नको, त्याने तांबं गंजतं. एक रात्र सुकू द्या, मग बॅटरी लावा.