२७७ झाडांच्या सारख्या ओळी का पडत नाहीत?

प्रश्न (संत्रा बागायतदार, वरूड तालुका)
नमस्कार मंडळी. संत्र्याची कलमे सहा बाय सहा मीटरवर लावली, तर हेक्टरी २७७ झाडे बसतात, असे आमच्याकडे सगळेच सांगतात. नववीतल्या मुलीने या आकड्यावरून बागेचा नकाशा काढायला घेतला. पण वहीची दोन पाने भरली तरी सारख्या ओळी पडेनात. तेरा-तेरा झाडांच्या एकवीस ओळी केल्या तर चार झाडे उरतात, अकराच्या पंचवीस केल्या तर दोन. आमचे कुठे चुकते?

उत्तर १ (गणित शिक्षक)
भाऊ, हिशेब बरोबर आहे. २७७ ही मूळ संख्या असल्यामुळे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही निःशेष भाग जात नाही. १७ चा वर्ग २८९, म्हणजे २७७ हून मोठा. म्हणून २, ३, ५, ७, ११ आणि १३ एवढ्यांनीच भागून पाहिले की पुरते, कारण १७ किंवा त्याहून मोठा विभाजक असता, तर त्याचा जोडीदार विभाजक १७ हून लहान निघाला असता आणि या सहांच्या तपासणीत सापडलाच असता.
मुलीला एकाऐवजी दोन चौरस आखायला सांगा: एकात चौदा ओळी चौदा झाडांच्या, दुसऱ्यात नऊ ओळी नऊ झाडांच्या. १९६ आणि ८१ मिळून नेमके २७७ होतात. चारने भागून बाकी १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या अशी दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच प्रकारे. हे फर्माने सांगितले, ऑयलरने सिद्ध केले.

उत्तर २ (रोपवाटिकाधारक)
गणित ठीक, पण कलमांची मागणी या आकड्यावर नोंदवू नका. १०,००० चौरस मीटरला ३६ ने भागून २७७.७७ येतात, तो केवळ क्षेत्रफळाचा भागाकार आहे. शंभर मीटर बाजूच्या चौरस शेतात चारही धुऱ्यांपासून तीन-तीन मीटर सोडले, तर सोळा ओळी सोळा झाडांच्या, म्हणजे २५६ झाडेच बसतात.

उत्तर ३ (सेवानिवृत्त प्राध्यापक)
मला ही संख्या वेगळ्याच कारणाने आवडते. मूळ संख्यांचे व्यस्त, म्हणजे १/२, १/३, १/५ असे, मिळवत गेलो, तर पाचपर्यंतच बेरीज ३१/३० होऊन १ च्या पुढे जाते. २ ओलांडायला मात्र एकोणसाठ मूळ संख्या लागतात, आणि ती एकोणसाठावी म्हणजे २७७. पुढे ३ ओलांडण्यासाठी थेट ५१,९५,९७७ पर्यंत जावे लागते! इतकी संथ असूनही ही बेरीज कुठेच थांबत नाही, हे ऑयलरने १७३७ मध्ये दाखवले.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. चौदा आणि नऊचे चौरस आखून झाले. फक्त मुलीने नऊच्या चौरसात विहीर काढली, त्यामुळे एक झाड पुन्हा कमी पडले आहे.