'भारतीय बनावटीचे' की नुसतेच 'बनावट'? ड्रोनपाशी अडलेला शब्द

अनुवादवही, एरंडवणे
मंडळी, कालपासून एका शब्दापाशी अडले आहे. एका खासगी कंपनीनं लष्करासाठी ड्रोन तयार केलंय, त्याचं माहितीपत्रक मराठीत करायला माझ्याकडे आलं. इंग्रजीतल्या 'इंडिजिनस'ला मी हाताच्या सवयीनं 'भारतीय बनावटीचे' लिहिलं. माझा पहिला मसुदा नेहमी बाबा वाचतात. त्यांनी त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि समासात लिहिलं, "म्हणजे खोटं?"
मी म्हटलं, बनावट म्हणजे घडण. ते म्हणाले, "बनावट नोटा, बनावट दाखला, बनावट बियाणं. पेपरात रोज मी हा शब्द असाच वाचतो. त्यात ड्रोन म्हटलं की लोक आधीच विचारतात, खरंच आपलं आहे का, की बाहेरून आणून रंग दिलाय?"
सप्टेंबर 2022मध्ये विक्रांत नौदलात आली, तेव्हा 'भारतीय बनावटीची विमानवाहू नौका' असंच सगळीकडे वाचलं होतं. तेव्हा नाही खटकलं. आता का खटकतंय? 'स्वदेशी' लिहू का? शुक्रवारी द्यायचंय.

जुनीपेठ
वडिलांचा कान पक्का आहे. 'बनावट' हे नाम असेल तर घडण, ठेवण. विशेषण झालं की खोटं. माझ्या मते खोट मुळातच आहे. 'बनवणे' हे क्रियापद आपल्याकडे हिंदीच्या रेट्यानं पसरलं. आमच्या घरात चहा करतात, पोळ्या करतात, फार तर लाटतात. बनवत कुणी नाही. मराठी माणूस 'बनवतो' तो दुसऱ्या माणसाला. "मला बनवतोस का?" हे वाक्य घ्या, त्यात सगळं आलं. 'देशी घडणीचे' लिहा आणि मोकळ्या व्हा.

नागपूरकर पुण्यात
आमच्याकडे चहा मांडतात. तो काय हिंदीच्या रेट्यानं मांडतात का? प्रत्येक वेळी सदाशिव पेठेतलं स्वयंपाकघर प्रमाण का धरायचं? 'बनवणे' लाखो मराठी घरांत रोज बोललं जातं, ते मराठीच आहे.
आणि आमच्या नागपूरच्या कंपनीनं केलेलं नागास्त्र हे आत्मघाती ड्रोन बघा. लष्करानं 480 नगांची मागणी दिली, 2024च्या जूनमध्ये पहिली 120 पोचलीसुद्धा. सुमारे नऊ किलो वजन, जवानाच्या पाठीवरून नेता येतं, लक्ष्य नाही सापडलं तर पॅराशूटनं परत उतरवता येतं. त्याला 'देशी' म्हणताना मला अभिमान वाटतो. सरसकट सगळ्यांवर संशय घेणं बरोबर नाही.

भोसरी टर्निंग
ताई, शब्दातलं मला फार कळत नाही, पण आमच्या शेडमध्ये हा प्रश्न रोजचा आहे. कुणी जॉब घेऊन आलं की आम्ही पहिलं विचारतो, ड्रॉइंग कुणाचं? बहुतेक वेळा ड्रॉइंग पार्टीचं, मटेरियल पार्टीचं, आम्ही फक्त लेबरवर करतो. चार वर्षांपूर्वी एका छोट्या कंपनीच्या ड्रोनचे अॅल्युमिनियमचे हात आणि मोटरचे ब्रॅकेट केले होते. पन्नास सेट. माल द्यायला गेलो तेव्हा टेबलावर एक ड्रोन उघडं पडलं होतं. आमचे ब्रॅकेट लगेच ओळखले, कारण कडा मी स्वतः कानशीनं मारल्या होत्या. मधल्या पाटीवरच्या चिपची अक्षरं मात्र कुणीतरी खरवडून काढली होती. निळसर काळ्या चिपवर पांढरे ओरखडे. वरच्या झाकणावर तिरंगा. मी काही बोललो नाही, पण पोटात कसंतरी झालं. आमचे हात खरे होते ना.
तेव्हा 'भारतीय' लिहिण्याआधी त्यांना विचारा, ड्रॉइंग कुणाचं.

अनुवादवही, एरंडवणे
दादा, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

खडकीकर
नोकरी दारूगोळ्यात गेली. 1869पासूनचा कारखाना आमचा. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' उठवलेलं असायचं, म्हणजे खडकी. फुटलं नाही, अडकलं, तर ती दोन अक्षरं बघून थेट आमच्याकडे बोट. तिथे 'बनावट' हा शब्द आम्ही कायम चांगल्याच अर्थानं वापरला. "ही कुठली बनावट?" म्हणजे कुठल्या कारखान्याचा माल. एवढा चांगला शब्द खोट्या नोटांपायी टाकून देऊ नका.
राहता राहिला संशय. 2025च्या फेब्रुवारीत लष्कराच्या 400 मालवाहू ड्रोनचे करार रद्द झाले, चिनी भाग असल्याच्या कारणावरून. लोकांनी शंका घेऊ नये तर काय करावं? सीमेवर उडणारं यंत्र कुणाच्या चिपचं ऐकतं, हा सैनिकाच्या जिवाचा प्रश्न आहे.

बुधवारातला विद्यार्थी
काका, थोडं आमच्या बाजूनंही ऐका. कॉलेजचं ड्रोन आम्ही पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून सामान आणून जोडलं. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी पाटी), बॅटरी, पंखे, बहुतेक सगळं चिनी, कारण परवडणारं दुसरं मिळत नाही. फेब्रुवारी 2022मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांवर नाही. उड्डाणाचा प्रोग्रॅम, वाऱ्यात तोल सावरायचं गणित, ते आम्ही रात्र रात्र बसून केलं. मग आमचं ड्रोन देशी की चिनी? मी 'आम्ही बनवलं' म्हणतो आणि त्यात कुणालाही बनवत नाही.

जुनीपेठ
तुम्ही जोडलंत. त्याला 'जुळणी' हा नेमका शब्द आहे. 'केलं', 'घडवलं', 'जुळवलं' असे तीन शब्द हाताशी असताना एकच 'बनवलं' सगळ्यावर पसरायचं, आणि मग अर्थ पातळ झाला म्हणून तक्रार करायची.

बुधवारातला विद्यार्थी
तोल सावरायचं गणित 'जुळवत' नाहीत हो.

हिशोबी, कर्वेनगर
मूळ 'इंडिजिनस' शब्दाकडे येऊ या. संरक्षण खरेदी प्रक्रिया 2020 या सरकारी नियमावलीत खरेदीचा एक वर्ग आहे, त्यात आराखडा, विकास आणि निर्मिती तिन्ही भारतातली लागतात आणि देशी वाटा किमान 50 टक्के. हा वाटा किमतीवर मोजतात, नगांवर नाही. म्हणजे स्वस्तातली पण सगळं चालवणारी एक चिप बाहेरची असली तरी टक्केवारीत ती जेमतेम दिसते. आता दृष्टी-10 हे टेहळणीचं ड्रोन घ्या. जानेवारी 2024मध्ये हैदराबादहून नौदलासाठी निघालं. अदानी डिफेन्सनं ते इथे तयार केलं, 70 टक्के स्वदेशी सांगितलं, पण मूळ आराखडा इस्रायलच्या एल्बिट कंपनीच्या हर्मिस 900 ड्रोनचा. 'भारतात तयार झालेलं' हे खरं. 'आपलं' म्हणायचं का, यावर दोन माणसं रास्तपणे भांडू शकतात. इंग्रजी शब्द या दोन्ही गोष्टी एका पांघरुणाखाली घेतो. मराठीनं तसं करायची गरज नाही. 'भारतीय आराखड्याचे' आणि 'भारतात जुळणी केलेले' असं वेगळं लिहा.

तळेगावची माहेरवाशीण
'स्वदेशी' शब्दावर इतकं कुणी बोललं नाही याचं वाईट वाटलं. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, 1877च्या दिल्ली दरबारात खादी घालून गेले, ते याच पुण्यातून. आमच्या तळेगावला पैसाफंडाचा काचकारखाना 1908 साली उभा राहिला, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून. काच करायची विद्या शिकायला माणसं परदेशी गेली होती आणि त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही, कारण ती इथे येऊन इतरांना शिकवायची होती. माझी आजी कंदिलाची काच पुसताना म्हणायची, "ही आपली." तिनं टक्के विचारले नाहीत. पण तिच्यापासून कुणी काही लपवलंही नव्हतं.

नागपूरकर पुण्यात
ताई, 'गावठी' विसरलात. गावठी कोंबडी, गावठी कोथिंबीर म्हटलं की दोन पैसे जास्त देतो, आणि गावठी कट्टा म्हटलं की पोलीस. एकच शब्द! 'देशी'चंही तेच, गाय आणि दारू. ड्रोनला कुठल्या रांगेत बसवायचं ते लोक ठरवतील, कोश नाही.

जुनीपेठ
लोक ठरवतील हे मान्य. पण 'बनावट'मधलं खोटं लोकांनीच ठरवलं, ते मात्र खडकीकरांना मान्य नाही.

खडकीकर
मला मान्य नाही. 'ही कुठली बनावट' आजही आमच्या कट्ट्यावर चालतं.

अनुवादवही, एरंडवणे
शुक्रवार होऊन गेला. भोसरीच्या दादांचा प्रश्न मी कंपनीला जसाच्या तसा पाठवला, ड्रॉइंग कुणाचं? उत्तर आलं की सांगाडा आणि प्रोग्रॅम त्यांचा, कॅमेरा आणि मोटर बाहेरच्या. मला ते प्रामाणिक वाटलं. मी लिहिलं, 'आराखडा व उड्डाणप्रणाली भारतीय. कॅमेरा व मोटर आयात'. छापून आलेल्या पत्रकात ते वाक्य नाही. तिथे 'संपूर्ण स्वदेशी बनावटीचे' आहे. बाबांनी पुन्हा रेघ ओढली, या वेळी 'संपूर्ण'खाली.
जाता जाता, मी 'ते ड्रोन' लिहिलं होतं, त्यांनी सगळीकडे 'तो ड्रोन' केलंय. बरोबर काय?

बुधवारातला विद्यार्थी
तो.

जुनीपेठ
ते. विमान ते, म्हणून ड्रोन ते.

भोसरी टर्निंग
आम्ही तर 'ती मशीन' म्हणतो ताई.