मंगळावरचे पाणी: खडकांचा पुरावा की मथळ्यांची हौस?

तर्ककठोर: मंगळावरील दऱ्या पाण्यानेच कोरल्या, असे ठासून सांगणारा लेख काल येथे कोणीतरी डकवला. लाव्हाने कोरलेल्या नागमोडी वाहिन्या चंद्रावरही आहेत; तेथे कोणी नदी शोधत नाही. उतारांवरचे काळसर पट्टे म्हणजे वाहते खारे पाणी, असा २०१५ साली गाजावाजा झाला आणि २०१७ साली ती बहुधा घसरणारी कोरडी वाळू असल्याचे पुढे आले. मग प्राचीन पाण्यावर तरी विश्वास का ठेवावा?

मुरूम: आपण दोन प्रश्न एकाच दावणीला बांधले आहेत. ते पट्टे आजचे आहेत; येथे विषय साडेतीन अब्ज वर्षांच्या आसपासच्या खडकांचा आहे. लाव्हा वाहिनी कोरील, पण नासाच्या क्युरिऑसिटी या फिरत्या यानाला मंगळावरच्या गेल विवरात २०१२ साली सापडलेले, वाऱ्याला वाहून नेता येणार नाहीत एवढे मोठे आणि झिजून गुळगुळीत झालेले गोटे ती घडवणार नाही. पुढच्याच वर्षी तेथील पंकाश्मात, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकात, छिद्र घेतले, तेव्हा सुमारे २० टक्के चिकणखनिजे निघाली; खडकावर पाण्याची क्रिया होऊन ती बनतात.

बुलढाणेकर: चिकणखनिजांचे एवढे कौतुक कशाला? आमच्या वडिलांनी काळ्या पाषाणात विहीर खोदली. भेगांतून हिरवट माती निघाली, पाणी थेंबभरही नाही. आणि लोणार! बेसाल्टमधले, म्हणजे त्याच काळ्या पाषाणातले, उल्का आदळून झालेले विवर म्हणून अभ्यासक मंगळाशी तुलना करायला तेथे येतात, पण त्यांना काय सापडले हे सांगणारी मराठीतली साधी पुस्तिका आजवर माझ्या हाती लागलेली नाही.

मुरूम: पुस्तिकेची तक्रार रास्त आहे. विहिरीचे म्हणाल, तर पाण्यावाचून बेसाल्टची ती माती झालीच कशी? आपण नकळत माझीच बाजू मांडलीत.

तर्ककठोर: आता वडिलांच्या विहिरीवरून ग्रहाचा इतिहास ठरणार तर! भूजल मान्य केले तरी सरोवर सिद्ध होत नाही. शिवाय पाणी टिकण्याइतके दाट कार्बन डायऑक्साइडचे वातावरण तेव्हा होते असे सांगतात, मग तो वायू पाण्यात मिसळून खडकांत बनणारी कार्बोनेट खनिजे कोठे गेली?

शिलालेख: वडिलधाऱ्यांची थट्टा न करताही वाद घालता येतो. गेलमधल्याच सल्फेटयुक्त थरांत सिडेराइट हे लोहाचे कार्बोनेट काही नमुन्यांत १० टक्क्यांपर्यंत असल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झाले. सरोवरच हवे असेल, तर पर्सिव्हरन्स या नासाच्या दुसऱ्या यानाने मंगळावरच्या जेझेरो विवरात टिपलेली कोडियाक टेकडी पाहावी: खाली तिरपे थर, वर आडवे, म्हणजे नदी साचलेल्या पाण्यात गाळ ओतते तेव्हाची नेमकी रचना.

तर्ककठोर: ठीक, जेझेरोत तळे होते, पेढे वाटा. पण त्यावरून पावसाळी, उबदार मंगळ उभा करू नका. गोठलेल्या ग्रहावर अधूनमधून बर्फ वितळूनही तळे भरते.

मुरूम: पाऊस की बर्फ, यावर अभ्यासकही भांडत आहेत. परंतु आपण सुरुवात लाव्हापासून केली होती.

बुलढाणेकर: विहीर कोरडी होती, एवढेच मी म्हटले होते. माझ्या वडिलांना कोणाच्याही बाजूचा साक्षीदार करू नये.