पहिलं विमान कसं पडलं? नागपूरच्या आरसीवाल्यांनो (रिमोट कंट्रोलची विमानं उडवणाऱ्यांनो), सांगा

सोयाबीन निघालं, चणा पेरायला अजून थोडे दिवस आहेत, म्हणजे आपलं मैदान उघडलं. गेल्या रविवारी उमरेड रोडला पाचगावच्या पुढे तिघं नवीन मंडळी खोक्यांतून विमानं घेऊन आली आणि तिघांचीही पडली. तिघंही एवढुसं तोंड करून परत गेले, म्हणून हा धागा. इलेक्ट्रिक मोटरचं छोटं विमान उडवणाऱ्या प्रत्येकानं आपलं पहिलं कसं पडलं ते लिहावं. कसं उडालं ते नको, त्याचे व्हिडिओ सगळ्यांकडे आहेत.

सुरुवात माझ्यापासून. फोमबोर्डचं ट्रेनर (शिकाऊ विमान), पंख १२० सेंमी, २२१२ मापाची १००० केव्हीची मोटर (केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिनिटाचे फेरे), ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), ९ ग्रॅमचे चार सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी). घरी ट्रान्समीटरची, म्हणजे हातातल्या रिमोटची, स्टिक हलवली, एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) हलले, मी खूश. शेतात भाच्यानं हातातून सोडलं. विमान जरासं डावीकडे कललं, मी उजवी स्टिक दिली, ते आणखी डावीकडे गेलं. मी आणखी उजवी दिली. चार सेकंदांत नाक ढेकळात. धुऱ्यावर तंबाखू मळत बसलेले शेतमालक म्हणाले, "भाऊ, तुमी इकडं वढता अन् ते तिकडं जाऊन राह्यलं. दोर उलटा बांधला का?" दोर नव्हे, चॅनल (स्टिकचा एलेरॉनला जाणारा हुकूम) उलटा होता, पण निदान बिनचूक. ट्रान्समीटरमध्ये तो सुलटा करायला दहा सेकंद लागतात. आता मी विमानाच्या मागे उभा राहतो, स्टिक उजवीकडे नेतो आणि "उजवा वर, डावा खाली" असं मोठ्यानं म्हणतो. बायको हसते. हसू दे.
(मानेवाडा)

दादा, माझं तर पडायला उडालंच नाही. होस्टेलच्या टेबलावर मोटर उलटी फिरत होती. तीन वायरपैकी कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की सुलटी फिरते, एवढं माहीत होतं. केल्या. प्रॉपेलर काढायचा मात्र कंटाळा केला. बॅटरी लावली, वायर सारखी करायला वाकलो आणि कोपर थ्रॉटलला (मोटरचा वेग वाढवणाऱ्या स्टिकला) लागलं. तर्जनीला चार टाके. रूममेट म्हणे, "भैताडा, पंख्यात बोट घालतं का कोणी?" आता प्रॉपेलर सगळ्यात शेवटी, तोही शेतात गेल्यावर. आधी ट्रान्समीटर चालू, थ्रॉटल पूर्ण खाली, मग बॅटरी. बंद करताना आधी बॅटरी काढायची.
(नंदनवन)

मी उडवत नाही, मुलगा उडवतो. पण हा अनुभव माझाच. परीक्षा आली म्हणून त्यानं विमानाची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण चार्ज करून टेबलाच्या खणात ठेवून दिली. एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये खण उघडेना. जोर लावून ओढला तर आत ती चपटी बॅटरी तव्यावरच्या फुलक्यासारखी टम्म! मी बोटानं दाबून बघणार तेवढ्यात तो ओरडला, "आई, हात नको लावू!" मग मला सगळी शिकवणी मिळाली. सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, पण नुसता ठेवायचा असेल तर ३.८ वर आणून ठेवायचा. पूर्ण भरलेला पॅक उन्हाळाभर पडून राहिला तर फुगतो, आणि फुगलेला पुन्हा वापरायचा नाही, टोचायचा तर अजिबातच नाही. हे त्याला आधीपासून माहीत होतं, हे विशेष! आता चार्जिंग बाल्कनीत, मातीच्या रिकाम्या कुंडीत, घरात कोणी जागं असतानाच. २२०० एमएएचच्या पॅकला २.२ अँपिअरनं तासभर लागतो. तेवढ्यात माझा भात-वरणाचा कुकर होतो, म्हणून लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे.
(धरमपेठ)

घरापाशी एवढं मोठं मैदान असताना पाचगावपर्यंत कशाला जाता, असं शेजारी विचारतात. सोनेगाव विमानतळ जवळ आहे म्हणून! २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ५ किमी लाल पट्टा, तिथे परवानगीशिवाय काही उडवायचं नाही. घरून निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवरचा नकाशा बघून घ्या.

तर, माझं पडलं ते त्या लांबच्या प्रवासामुळेच. मे महिना, वाटेत तर्री-पोहे खायला थांबलो, गाडी उन्हात. ग्लूगनचा गोंद आत मऊ पडला आणि एलिव्हेटरचा (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीचा) हॉर्न, म्हणजे ती हलवणारी खुंटी, सुटत आला. वर गेल्यावर पूर्ण सुटला. आता निघतो पहाटे पाचला, पोहे परत येताना.
(त्रिमूर्तीनगर)

माझं घारीनं पाडलं. फोमवर नखांचे तीन खड्डे आहेत, बुजवले नाहीत.
(गोधनी)

माझं शेपटीकडून जड होतं. वेल्क्रो पुढे पोचेना म्हणून बॅटरी दोन बोटं मागे सरकवली, एवढंच. सोडल्याबरोबर घोड्यासारखं मागच्या पायांवर उभं राहिलं, थांबलं आणि एका पंखावर कोसळलं. माझ्या पंखाची रुंदी २० सेंमी आहे. पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंमीवर दोन्हीकडे बोटं टेकवून उचलायचं, नाक किंचित खाली झुकलं की ठीक. आता पेनानं खुणाच केल्या आहेत.
(काटोल रोड)

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर हा नाद लागला. जाताना सगळं ठीक, विमान तोंडाकडे यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि या वयात डोकं तेवढं झटपट चालत नाही. नातवानं युक्ती सांगितली: "आबा, जो पंख खाली झुकला, त्या बाजूला स्टिक न्यायची. त्याला टेकू द्यायचा." सोपं आहे, पण हे कळायच्या आधीच माझं बाभळीवर अडकलं होतं, बारा-पंधरा फुटांवर. काटे असे की चढायची सोय नाही. शेवटी शेतमालकानं चिंचा पाडायची आकडी आणून दिली. काढलं तेव्हा पंखात काटे होते, प्रॉपेलर तुटला होता, आणि बॅटरी अजून कोमट होती.
(अजनी)