खिलाडूवृत्ती, उमदेपणा की मान राखणे?

धागाकर्ता:
एक शब्द अडलाय. एनबीएवर (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) मराठीत लिहितोय. 2016 साली सॅन अँटोनियो स्पर्सचा टिम डंकन रिटायर झाला आणि त्याच वर्षी रेफ्री जोई क्रॉफर्डही, डंकनचे 19 सीझन, क्रॉफर्डचे 39, आणि या दोघांचं जुनं वाजलेलं. एप्रिल 2007 मध्ये डॅलसच्या मॅचला डंकन बाकावर बसून हसत होता तर क्रॉफर्डने दुसरा टेक्निकल फाउल (गैरवर्तनाचा) देऊन त्याला थेट बाहेर काढलं (हसला म्हणून! शाळेतच व्हायचं असं). लीगने क्रॉफर्डला उरलेला सीझन आणि प्लेऑफ घरी बसवलं, डंकनलाही 25,000 डॉलर दंड. पण नंतर दोघं परत एकाच कोर्टवर आले आणि आपापलं काम करत राहिले. याला मी 'खिलाडूवृत्ती' लिहिलंय आणि ते सारखं खटकतंय.

प्रतिसाद:
खटकणारच. आपल्याकडे खिलाडूवृत्ती कायम हरलेल्याच्या गळ्यात पडते, 'पराभव खिलाडूवृत्तीने स्वीकारला', अगदी निवडणुकीत पडलेल्या उमेदवारालासुद्धा तेच वाक्य. पंच जिंकत नाही नि हरत नाही, त्याला ती कशी चिकटवणार? आणि कृपा करून 'खेळाडूवृत्ती' करू नका, हल्ली सर्रास दिसतं. खेळाडू म्हणजे खेळणारा, खिलाडू म्हणजे मनाने मोकळा. आमची आत्या आयुष्यात मैदानात उतरली नाही पण पत्त्यांत हरल्यावर तिच्याइतकं खिलाडू कोणी नाही.

प्रतिसाद:
'उमदेपणा' बघा. 2007 च्याच ऑल-स्टार वीकेंडला (लीगच्या निवडक खेळाडूंचा जलसा) लास वेगासमध्ये रेफ्री डिक बाव्हेटा, वय 67, आणि 2000 साली रिटायर झालेला खेळाडू चार्ल्स बार्कली चक्क पळायची शर्यत लावून धावले होते. बार्कली शेवटी शेवटी उलटा धावत जिंकला, बाव्हेटाने सूर मारला, आणि वर दोघांनी एकमेकांचा मुका घेतला. हा उमदेपणा. किंवा दिलदारी म्हणा.

धागाकर्ता:
शर्यतीला झकास बसतो, पण डंकन त्यातला नाही हो. लेकर्सच्या कोबी ब्रायंटने डंकनच्या त्याच शेवटच्या सीझनला गावोगावी निरोप घेतला, डंकनने जुलैमध्ये टीमतर्फे नुसतं जाहीर केलं, संपलं. मिठी नाही, फोटो नाही. उमदेपणात काहीतरी मोकळ्या हाताने देणं असतं, इथे कोणी काही दिलेलंच नाही.

प्रतिसाद:
मग 'मान राखणे' घ्या की. 'मान देणे' वेगळं, ते चारचौघांत दिसतं, हार, शाल, टाळ्या. 'राखणे' म्हणजे बोलता आलं असतं आणि बोललो नाही. 2008 ची वेस्ट फायनल (म्हणजे लीगची एक सेमीफायनल) आठवा, चौथी मॅच, शेवटच्या क्षणी लेकर्सचा डेरेक फिशर स्पर्सच्या ब्रेंट बॅरीवर आदळला, सगळ्यात जवळ कोण तर हाच क्रॉफर्ड, आणि शिट्टी नाही. स्पर्स 93-91 हरले. दुसऱ्या दिवशी लीगनेच कबूल केलं की फाउल द्यायला हवा होता. वर्षभरापूर्वीचं सगळं उकरून काढायला याहून चांगला मोका कुठला, पण स्पर्सचा कोच पॉपोविच म्हणाला की मी रेफ्री असतो तर मीही दिला नसता. याला म्हणतात पंचाचा मान राखणे. पाचामुखी परमेश्वर म्हणतो ना आपण, 'पंच' शब्दातला पाच तोच, तिथे परमेश्वर चुकला तरी आरडाओरडा करायचा नाही.

प्रतिसाद:
एनबीएत पाच कुठले, तीनच असतात. आणि त्यातला क्रू चीफ म्हणजे कबड्डी-खोखोच्या हिशोबाने सरपंच, तेवढं लेखात घालाच.

धागाकर्ता:
सरपंच क्रॉफर्ड! घालतो. 'मान राखणे' पटलं, फक्त शीर्षकाला नाम लागतंय आणि याचं नाम काही जमत नाहीये.

प्रतिसाद:
'मानराखणी' करू नका म्हणजे झालं, शेतात गोफण घेऊन उभं राहिल्यासारखं वाटेल. क्रियापदच ठेवा ना, 'डंकनने पंचाचा मान राखला'.

प्रतिसाद:
आणि क्रॉफर्डने डंकनचा? तेही त्याच वाक्यात बसवा, नाहीतर आदर एकतर्फी होतो.

धागाकर्ता:
'दोघांनी एकमेकांचा मान राखला.' झालं, टाकलं.