प्रतिसाद: हाइझमन मिळाली म्हणजे झालं असं नाही

वर कुणीतरी म्हटलंय की हाइझमन ट्रॉफीवाला (म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला वर्षातला सर्वोत्तम ठरलेला) क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, एनएफएल या प्रोफेशनल लीगमध्ये चालणारच, मला नाही पटत. टिम टीबोचंच बघा ना, २००७ ची हाइझमन, फ्लोरिडा विद्यापीठाकडून दोन नॅशनल चॅम्पियनशिप, एनएफएलच्या डेन्व्हर संघाने २०१० च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडतात तिथे) पहिल्याच राउंडला घेतला, प्लेऑफला स्टीलर्सविरुद्ध ओव्हरटाइमच्या पहिल्याच प्लेला ८० यार्डांचा टचडाउन पास टाकून मॅच जिंकली (मी ओरडलो होतो अक्षरशः) आणि तरी २०१२ नंतर रेग्युलर सीझनची एकही मॅच नाही. थ्रोइंग मोशन फार लांब हो त्याची. कॉलेजात रिसीव्हर (पास झेलणारा) मोकळा दिसल्यावर फेकलं तरी भागतं, एनएफएलमध्ये तो मोकळा व्हायच्या आधीच बॉल सुटायला हवा. २०१९ ची हाइझमन जिंकलेला जो बरो तेच करतो, म्हणून दुसऱ्याच सीझनला सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, गाठली, अर्थात सोबत कॉलेजातलाच रिसीव्हर जमार चेस होता हेही आहेच.