प्लेसहोल्डरला डीफॉल्ट व्हॅल्यू द्यावी का?

धागाकर्ता:
माझं मत स्पष्ट आहे. प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरात, जाणाऱ्या कॉन्फिगमध्ये प्लेसहोल्डरला (डॉलर आणि महिरपी कंसांत व्हेरिएबलचं नाव लिहून सोडलेली, नंतर भरली जाणारी जागा) डीफॉल्ट, म्हणजे व्हेरिएबल नसेल तेव्हा वापरायची व्हॅल्यू, देऊच नये. डेटाबेसच्या पत्त्यापुढे कोलन टाकून 'लोकलहोस्ट' (स्वतःचंच मशीन) लिहून ठेवायची सवय मोडायला हवी. व्हेरिएबल सेट करायचं राहिलं तर ॲप सुरूच होऊ नये.

२०१५ सालचं लिनक्सवरच्या स्टीम या गेम्सच्या ॲपचं प्रकरण आठवा. स्क्रिप्टमध्ये 'आरएम -आरएफ' ही न विचारता सगळं डिलीट करणारी कमांड, पुढे इन्स्टॉल फोल्डरचं व्हेरिएबल, मग स्लॅश आणि स्टार. व्हेरिएबल रिकामं निघालं आणि कमांड थेट रूटपासून फाइली उडवत सुटली. लोकांचा डेटा गेला. त्या ओळीच्या डोक्यावर 'स्केअरी' अशी कमेंटही होती!

बॅकएंडवाला:
हे उदाहरण तुमच्या बाजूने येतच नाही. तिथे डीफॉल्ट नव्हता, म्हणून तर घात झाला. आणि डीफॉल्टवर सरसकट बंदी घातली तर पोर्ट, टाइमआउट, लॉग लेव्हल सगळं हाताने भरायचं? टीममध्ये नवीन आलेला माणूस शेजारच्याची एन्व्ह फाइल (व्हेरिएबलच्या व्हॅल्यू लिहिलेली फाइल) उचलतो आणि तिच्यातले पासवर्डही सोबत जातात. मला तो धोका मोठा वाटतो.

धागाकर्ता:
रिकामी स्ट्रिंग हा शेलने (कमांड चालवणाऱ्या बॅशसारख्या प्रोग्रॅमने) न विचारता दिलेला डीफॉल्टच आहे. टेम्प्लेटमध्ये व्हेरिएबल भरणारं एन्व्हसब्स्ट तेच करतं: व्हेरिएबल नसेल तर जागा कोरी ठेवतं आणि एरर देत नाही. कंटेनर चालवणारं डॉकर कंपोज निदान वॉर्निंग देतं, पण पुढे जातंच. व्हेरिएबलच्या नावापुढे डीफॉल्ट देणाऱ्या कोलन-डॅशच्या जागी कोलन-प्रश्नचिन्ह लिहिलं की व्हेरिएबल नसताना बॅश आणि कंपोज दोन्ही तिथेच थांबतात. एका अक्षराचा फरक आहे. पोर्टला डीफॉल्ट असू दे, माझी हरकत नाही. डेटाबेस, क्यू (मेसेजची रांग) आणि पेमेंटची की यांना मात्र नको.

पाइपलाइनवाली:
स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये नुसता डीफॉल्ट काढून भागत नाही, हे दोघांनीही लक्षात घ्या. एकेक व्हॅल्यू कोडमध्ये आणणारं 'ॲट-व्हॅल्यू' वापरलं असेल तर 'कुड नॉट रिझॉल्व्ह प्लेसहोल्डर' म्हणत ॲप सुरुवातीलाच पडतं. पण कॉन्फिगरेशन प्रॉपर्टीजच्या बाइंडिंगमध्ये (कॉन्फिगमधल्या व्हॅल्यू एकत्र एका क्लासमध्ये भरताना) न सापडलेला प्लेसहोल्डर डॉलर आणि महिरपी कंसांसकट तसाच आत जातो. डेटाबेसच्या यूआरएलचं असं झालं की ड्रायव्हर ती स्ट्रिंग नाकारतो, म्हणजे निदान कळतं. पण एखाद्या एपीआयच्या कीमध्ये झालं तर? ती स्ट्रिंग रिकामी नसते, त्यामुळे व्हॅल्यू कोरी नाही ना हे पाहणारं 'नॉटब्लँक'चं व्हॅलिडेशन बिनबोभाट पास होतं आणि पहिली खरी रिक्वेस्ट जाईपर्यंत कुणालाच पत्ता लागत नाही.

बॅकएंडवाला:
हा मुद्दा मान्य. मग ॲप सुरू होतानाच सगळ्या व्हॅल्यूंमध्ये डॉलर-कंस उरलाय का, ते तपासणारा कोड लिहावा. डीफॉल्टवर बंदी घालण्यापेक्षा त्याने जास्त चुका पकडल्या जातील. पोर्टच्या डीफॉल्टबद्दल आपलं जुळलं, पण डेव्ह प्रोफाइलमधला (डेव्हलपरच्या मशीनवरच्या कॉन्फिगमधला) 'लोकलहोस्ट' मी काढणार नाही.